लसीनंतर अंगावर ठिपके उठले तर: कावळा, फांदी आणि रक्तवाहिन्या

२०२४ च्या एप्रिलअखेरीस एक बातमी आली आणि दोन दिवसांत घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरू लागली. ॲस्ट्राझेनेका कंपनीनं ब्रिटनमधल्या न्यायालयात दिलेल्या कागदपत्रांत मान्य केलं होतं की तिच्या कोविड लसीमुळे अत्यंत क्वचित एक आजार होऊ शकतो: रक्ताच्या गुठळ्या होतात आणि त्याच वेळी प्लेटलेट्स घसरतात. हीच लस आपल्याकडे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं कोविशील्ड म्हणून बनवली. आपल्यातल्या बहुतेकांच्या दंडात तीच गेली. त्यामुळे तीन वर्षांपूर्वीच्या गोष्टी लोकांना नव्यानं आठवल्या. लसीनंतर आठवड्याभरात आईच्या नडगीवर उठलेले लालजांभळे ठिपके, काकांच्या अंगावर महिनाभर येत राहिलेलं पित्त, कुणाच्या दंडावरची बीसीजीची जुनी खूण अचानक लाल झाली होती ती.

अशा माणसांना तेव्हा दोनच उत्तरं मिळत. एक, "लसच विषारी." दुसरं, "काही नाही हो, मनाचे खेळ." मला दोन्हींचा राग येतो. पहिल्या उत्तरानं माणूस पुढच्या लसीला मुकतो आणि दुसऱ्यानं, क्वचित का होईना, जिवाला मुकू शकतो. अंगावरचा डाग खरा असतो. तो कशाचा आहे हे ओळखायची पद्धत आहे आणि ती समजायला वैद्यकीचं शिक्षण लागत नाही.

## आधी कातडीखालच्या नळ्या

कातडीखाली केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. शेतात ठिबकच्या नळ्या अंथरलेल्या असतात, तसं. ठिबकची नळी पाझरण्यासाठीच असते, या वाहिन्याही तशाच. त्यांच्या भिंतीतून पाणी, क्षार, साखर, प्राणवायू बाहेर जातात. लाल पेशी मात्र आत राहतात. काटा रुतला किंवा जंतू शिरला की शरीर तिथल्या वाहिन्या रुंद करतं, भिंती जरा सैल करतं, म्हणजे पांढऱ्या पेशींना बाहेर पडून कामाला लागता येतं. लस टोचल्यावर दंड लाल होतो, गरम लागतो, दोन दिवस ठणकतो, तो यामुळेच. ते अपेक्षितच असतं.

लसीतून शरीराला एखाद्या जंतूची ओळख आधीच करून दिली जाते. ओळख पटली की शरीर त्या जंतूला पकडणारी प्रथिनं बनवतं. त्यांना प्रतिपिंडं म्हणतात. पुढची सगळी गोष्ट या प्रतिपिंडांची आणि त्या पाझरत्या नळ्यांची आहे.

## काचेचा पेला दाबून पाहा

अंगावर लाल काही दिसलं की पहिला प्रश्न एकच विचारायचा: रक्त अजून वाहिनीच्या आत आहे, की बाहेर सांडलंय?

त्यासाठी पारदर्शक काचेचा पेला पुरतो. डागावर तो दाबून धरा आणि काचेतून बघा. लाली गेली तर रक्त आत आहे. वाहिनी फक्त फुगली आहे. डाग तसाच राहिला तर रक्त बाहेर सांडलेलं आहे. नळीतलं पाणी दाबून मागं सारता येतं, भिंतीत मुरलेली ओल दाबून जात नाही, इतका साधा हिशोब.

एक अडचण इथेच सांगायला हवी. पुस्तकांतली आणि इंटरनेटवरची बहुतेक छायाचित्रं गोऱ्या कातडीची असतात. आपल्या सावळ्या कातडीवर हे ठिपके लालभडक दिसत नाहीत. तपकिरी, काळपट, जांभळट दिसतात आणि दाबून गेले की नाही हे ठरवणं कठीण होतं. अशा वेळी तळवे, तळहात, खालच्या पापणीची आतली बाजू आणि तोंडातली टाळू बघावी. दिव्याच्या पिवळ्या उजेडात न बघता दिवसाउजेडी खिडकीशी बघावं.

दाबून जाणाऱ्यांत सगळ्यात नेहमीचं म्हणजे पित्त. फुगीर, खाजणाऱ्या गांधी उठतात, काही तासांत एका जागेवरून जातात आणि दुसरीकडे येतात. कातडीतल्या काही पेशी हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात, वाहिन्या सैल होतात, पाणी बाहेर येतं आणि गांधी फुगते. घरी आमसुलाचं पाणी लावतात. तेवढ्यानं बरं वाटत असेल तर हरकत नाही. पण लस घेतल्यावर काही मिनिटांत पित्त उठून सोबत ओठ किंवा जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली, तर ती तीव्र ॲलर्जी. तिला आमसूल चालत नाही आणि पित्ताची गोळीही पुरत नाही. मांडीच्या स्नायूत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं, ताबडतोब. लस घेतल्यावर अर्धा तास केंद्रावर बसवून ठेवतात ते यासाठी. अमेरिकेतल्या मोठ्या नोंदींत हे प्रमाण दहा लाख डोसांमागे एकाच्या आसपास आढळलं आहे.

दाबून न जाणाऱ्या डागांची गोष्ट मात्र गुंतागुंतीची आहे. ती सांगायला सव्वाशे वर्षं मागे जावं लागेल.

## लगेच नाही, आठ-दहा दिवसांनी का?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घटसर्पाच्या मुलांना घोड्याच्या रक्तातला द्रव टोचत. घोड्याच्या शरीरात घटसर्पाच्या विषाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करून घ्यायची आणि तीच मुलाला द्यायची, असा उपचार. त्यानं मुलं वाचत. पण काहींना साधारण आठ ते बारा दिवसांनी ताप येई, सांधे दुखत, अंगभर पुरळ उठे.

व्हिएन्नातले बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के आणि त्यांचे सहकारी बेला शिक यांना त्या मधल्या दिवसांचं कोडं पडलं. घोड्याचं रक्तच विषारी असेल तर मूल त्याच दिवशी आजारी पडायला हवं. मधला आठवडा कशाचा? आणि त्याच मुलाला काही महिन्यांनी तेच पुन्हा टोचलं तर पुरळ लगेच का उठतं? १९०५ साली त्यांनी उत्तर मांडलं. तो आठवडा शरीराच्या तयारीचा असतो. या काळात मूल घोड्याच्या प्रथिनांविरुद्ध स्वतःची प्रतिपिंडं बनवतं. ती पुरेशी झाली की दोन्हींची गाठ पडते आणि त्या गाठीतून आजार होतो. दुसऱ्या खेपेला प्रतिपिंडं तयारच असतात, म्हणून वाट पाहावी लागत नाही. यानंतर वर्षभरातच पिर्केंनी एक नवा शब्द घडवला, जो आज आपल्या रोजच्या बोलण्यात आहे: ॲलर्जी.

आजच्या लशींत घोड्याचं रक्त नसतं आणि तो आजारही आता क्वचितच दिसतो. पण पिर्केंचं घड्याळ अजून तंतोतंत चालतं. लसीनंतर काही मिनिटांत उठलेलं पुरळ आणि नवव्या दिवशी उठलेलं पुरळ यांची जातच वेगळी असते. म्हणून डॉक्टरांना "लस घेतल्यावर उठलं" एवढंच सांगू नका. कितव्या दिवशी उठलं ते सांगा. त्या एका आकड्यात अर्धं निदान असतं.

## ठिपके पायांवरच का येतात?

प्रतिपिंड आणि परकं प्रथिन एकमेकांना चिकटले की त्यांची सूक्ष्म गुठुळी होते (रक्ताची गुठळी ती वेगळी). एरवी यकृत आणि प्लीहा अशा गुठुळ्या गाळून टाकतात. फार झाल्या किंवा नको त्या आकाराच्या झाल्या की त्या रक्ताबरोबर फिरत राहतात.

पाटाच्या पाण्यातला गाळ कुठे बसतो ते शेतकऱ्याला विचारा. पाणी जिथे मंदावतं तिथे. उभ्या माणसाच्या शरीरात रक्त सगळ्यात मंद कुठे होतं? घोट्याजवळ, नडगीवर, पोटरीत. गुठुळ्या तिथल्या बारीक वाहिन्यांच्या भिंतीला चिकटतात. पांढऱ्या पेशी त्यांना शत्रू समजून धावून येतात, त्यांच्यावर आपली जहाल रसायनं सोडतात, आणि त्या रसायनांनी भिंतच खरवडली जाते. भिंतीला भोकं पडून लाल पेशी बाहेर सांडतात. याला रक्तवाहिनीदाह म्हणायचं. डॉक्टर व्हॅस्क्युलायटिस म्हणतात.

डाग दाबून जात नाही आणि त्यावरून बोट फिरवलं तर तो किंचित उंच लागतो, कारण खाली नुसतं सांडलेलं रक्त नाही, सूजही आहे. कातडीचा इवलासा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर वाहिनीभोवती फुटलेल्या पांढऱ्या पेशींच्या केंद्रकांचा चुरा दिसतो. तुकडा ताज्या डागाचा, एक-दोन दिवसांतला असावा लागतो. आठवड्यानं गेलात तर पुरावा विरून गेलेला असतो. "बघू, जाईल आपोआप" म्हणून थांबल्यानं हे नुकसान होतं, फारसं कुणाच्या लक्षात न येणारं.

बहुतेकांत हा आजार कातडीपुरता राहतो आणि काही आठवड्यांत ओसरतो. पाय उंचावर ठेवायचे, विश्रांती घ्यायची, गरज पडली तर डॉक्टर औषध देतात. पण एक तपासणी टाळायची नाही: लघवीची. मूत्रपिंडातही तशाच बारीक वाहिन्यांचं जाळं असतं, तिथे दाह झाला तर वरून काहीच दिसत नाही, फक्त लघवीत रक्त किंवा प्रथिन सापडतं. पोटात कळ येणं, सांधे सुजणं, शौचातून रक्त जाणं ही आणखी धोक्याची लक्षणं. मुलांमध्ये याचा एक प्रकार सर्दी-खोकल्यानंतर नेहमी दिसतो. नितंबांवर आणि पायांवर ठिपके, पोटदुखी, सांधेदुखी असं एकत्र येतं, आणि त्या मुलांची लघवी बरं वाटल्यानंतरही काही महिने तपासत राहावी लागते.

## लसीनंतर झालं, म्हणजे लसीमुळेच ना?

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असं आपण म्हणतो. ही म्हण इथे नेमकी लागू पडते, फक्त तिचा पुढचा भाग कुणी बोलत नाही. फांदी खाली पडली आहे. ती कुजलेली होती की कावळाच जड होता, हे बघायला झाडाजवळ जावं लागतं.

आधी आकडा बघू. पायावर ठिपके आणणारा हा कातडीचा रक्तवाहिनीदाह अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या एका काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, मोजला गेला. लाखात वर्षाला साधारण साडेचार लोकांना तो होतो. कारणं अनेक: घशाचे संसर्ग, प्रतिजैविकं, काही दीर्घ आजार, आणि सुमारे निम्म्या रुग्णांत कारण सापडतच नाही. आता हाच दर धरून १ कोटी प्रौढांचा हिशोब करा. कुणीही लस घेतली नाही तरी वर्षात ४५० जणांना हा आजार होईल, म्हणजे कोणत्याही दोन आठवड्यांत सुमारे १७ जणांना. त्या सगळ्या १ कोटी लोकांना एकाच दिवशी लस दिली, तर पुढच्या दोन आठवड्यांत हे १७ जण "लसीनंतर ठिपके उठले" म्हणून दवाखान्यात येतील. लस साधं पाणी असली तरी येतील. भारतात कोविड लसीचे २२० कोटींहून जास्त डोस दिले गेले. तेवढ्या गर्दीत योगायोगांचीही गर्दी होणारच.

मग खरं काय ते कळायचं कसं? एक चतुर पद्धत आहे: रुग्णाची तुलना त्याच्याशीच करायची. ज्याला ठिपके उठले त्याच्या आयुष्यातले लसीनंतरचे आठवडे आणि बाकीचे आठवडे समोरासमोर ठेवायचे. लस कारणीभूत असेल तर आजार लसीनंतरच्या आठवड्यांत गोळा झालेले दिसतील. फ्रान्समध्ये मुलांमधल्या त्या ठिपके-पोटदुखीच्या प्रकारासाठी असा अभ्यास झाला. नेहमीच्या लशींनंतर धोका वाढल्याचं दिसलं नाही. इटलीतल्या दुसऱ्या धाटणीच्या अभ्यासात मात्र गोवर-गालगुंड-रुबेला लसीनंतर थोडी वाढ दिसली होती. दोन्ही सांगतो आहे, कारण सोयीचा तेवढाच अभ्यास दाखवणं मला पटत नाही. माझं मत विचाराल तर एवढं म्हणेन: लसीमुळे हा आजार कुणाला तरी होत असेल हे अगदी शक्य आहे, पण तो इतका क्वचित आहे की मोजायला बसलं तर हाती लागत नाही.

कावळ्याच्या गोष्टीची दुसरी बाजू बीसीजीच्या खुणेत आहे. आपल्याकडे जन्मल्याबरोबर डाव्या दंडावर बीसीजी टोचतात. सहा-आठ महिन्यांच्या बाळाला चार-पाच दिवस न उतरणारा ताप आहे, डोळे लाल आहेत, ओठ फाटलेत, आणि बीसीजीची खूण अचानक लाल होऊन फुगली आहे. आई म्हणते, लस उलटली. पण हा कावासाकी आजार असू शकतो. जपानच्या तोमिसाकु कावासाकी यांनी १९६७ साली तो जगापुढे आणला. यात मध्यम आकाराच्या रोहिण्यांना, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिन्यांना, दाह होतो, आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्याही त्यात सापडतात. उपचार नाही केला तर चारातल्या एका मुलाच्या त्या रोहिणीला फुगा येऊ शकतो. पहिल्या दहा दिवसांत शिरेतून प्रतिपिंडांचं औषध दिलं तर हे प्रमाण शंभरात चार-पाचांवर येतं. इथे लस दोषी नाही. उलट तिची जुनी खूण हाक मारून सांगते आहे की आत काहीतरी बिघडलंय. "लसीचंच आहे, जाईल" म्हणून परत पाठवणं इथे फार महागात पडतं.

आणि कधी दोष लसीचा नसून टोचण्याच्या कामातला असतो. १९०२ साली पंजाबातल्या मुलकोवाल गावी प्लेगची लस दिली गेली, ती मुंबईच्या परळमधल्या हाफकिन यांच्या प्रयोगशाळेत बनलेली. १०७ जणांना टोचली, त्यांतले एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वातानं गेले. वाल्देमार हाफकिन यांच्यावर ठपका आला, नोकरी गेली. बाटली उघडतानाच्या निष्काळजीपणातून जंतू शिरल्याचं मान्य होऊन ते १९०७ मध्ये दोषमुक्त झाले. त्या एका बाटलीची नोंद ठेवलेली होती म्हणून तो शोध लागू शकला. आज लसीच्या कुपीवरचा बॅच क्रमांक लिहून ठेवायचा तो यासाठी.

## गुठळ्याही आणि रक्तस्रावही? हे एकाच वेळी कसं?

आता त्या २०२४ च्या बातमीकडे. हा आजार पायांवरच्या दाहापेक्षा पूर्ण वेगळा आहे, आणि इथे कावळा खरंच जड होता.

प्लेटलेट्स म्हणजे रस्त्याचे खड्डे बुजवणारे कामगार. वाहिनीला रोज कुठे ना कुठे चिरा पडतात, प्लेटलेट्स तिथे जाऊन थिगळ लावतात. त्या कमी झाल्या की चिरा उघड्या राहतात आणि कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे सपाट, दाबून न जाणारे ठिपके दिसतात. डेंग्यूत आपण हे पाहिलेलं असतं.

कोविशील्डमध्ये एका निरुपद्रवी केलेल्या ॲडिनोव्हायरसचा वाहन म्हणून वापर होता. प्लेटलेट्समधून पीएफ४ नावाचं एक प्रथिन निघतं, त्यावर धन विद्युतभार असतो. ॲडिनोव्हायरसचं कवच ऋण भाराचं. दोन्ही चिकटतात. अगदी थोड्या लोकांच्या शरीरात या जोडीमुळे पीएफ४ विरुद्धच प्रतिपिंडं तयार होतात आणि ती प्लेटलेट्सना चेतवत सुटतात. कुणीतरी खोटी शिट्टी वाजवावी आणि गावातले सगळे कामगार एका चौकात धावून यावेत, तसं होतं. चौक तुंबतो, ती गुठळी. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांत हे विशेष दिसलं. बाकीचे रस्ते कामगारांवाचून पडतात, ते ठिपके. म्हणून दोन्ही एकत्र.

२०२१ च्या मार्चमध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया आणि नॉर्वेतल्या डॉक्टरांना हे चित्र पहिल्यांदा दिसलं. सुरुवातीच्या नोंदींत जर्मनी-ऑस्ट्रियाच्या ११ रुग्णांपैकी ६ आणि नॉर्वेच्या ५ पैकी ३ दगावले होते. गुठळी दिसली की हेपारिन हे रक्त गोठू न देणारं औषध द्यायचं, ही डॉक्टरांच्या हाताला बसलेली सवय. पण हेपारिनमुळेही क्वचित अगदी असाच आजार होतो, हे माहीत असलेल्या संशोधकांना साम्य दिसलं आणि काही आठवड्यांत जगभर निरोप गेला: हेपारिन टाळा, शिरेतून प्रतिपिंडांचं औषध द्या, गुठळीसाठी दुसरी औषधं वापरा. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये २२० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मृत्यूचं प्रमाण शंभरात २२ होतं. अर्ध्याहून अधिकांवरून बावीसवर. लवकर ओळखणं आणि नेमके उपचार यांचा त्यात मोठा वाटा होता. कुणीतरी रुग्णाच्या अंगावरचे ठिपके आणि न थांबणारी डोकेदुखी खरी मानली, नोंदवली, तिला नाव दिलं, म्हणून हे झालं. या लेखात मला सांगायचं आहे ते इथे आहे. दुष्परिणामाची नोंद करणारा माणूस लसीचा वैरी नसतो. तो पुढच्या रुग्णाचा जीव वाचवत असतो.

ब्रिटनच्या त्या अभ्यासात पन्नाशीखालच्यांत सुमारे ५० हजारांत एक आणि वरच्यांत १ लाखात एक असा धोका आढळला. त्यामुळेच तिथे एप्रिल २०२१ मध्ये तिशीखालच्यांना आणि मे मध्ये चाळिशीखालच्यांना शक्यतो दुसरी लस द्यायचं ठरलं.

## २०२१ मध्ये घेतलेली लस आता त्रास देईल का?

२०२४ मध्ये सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच. पिर्केंचं घड्याळ आठवा. लसीमुळे चेतलेली ही प्रतिपिंडं साधारण चौथ्या दिवसापासून महिनाभराच्या आत आपलं काम दाखवतात. तीन वर्षांनी पायात गुठळी झाली तर तिचं कारण दुसरीकडे शोधायचं: लांबचा प्रवास, धूम्रपान, शस्त्रक्रियेनंतरची अंथरुणावरची विश्रांती, हार्मोनच्या गोळ्या. "लसीचंच असेल" म्हणून हे शोधणं राहून गेलं तर नुकसान आपलंच. आणि बातमी २०२४ ची असली तरी माहिती नवी नव्हती. हा धोका २०२१ पासून वैद्यकीय नियतकालिकांत छापला जात होता. सामान्य माणसापर्यंत ती मराठीत, धडपणे पोचली नाही, ही खरी तक्रार आहे आणि ती योग्य आहे.

## भारतातले आकडे इतके कमी कसे?

मे २०२१ मध्ये आरोग्य मंत्रालयानं लसीनंतरच्या प्रतिकूल घटना तपासणाऱ्या राष्ट्रीय समितीचा अहवाल सांगितला. ४९८ गंभीर घटना तपासल्या, त्यांत २६ संभाव्य गुठळ्यांच्या निघाल्या. कोविशील्डच्या दहा लाख डोसांमागे ०.६१. त्याच निवेदनात ब्रिटनचा आकडा ४ आणि जर्मनीचा १० दिला होता, आणि दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत हा धोका कमी असल्याचं म्हटलं होतं.

तो असूही शकेल. पण नोंद कशी होते तेही बघा. रुग्णानं किंवा डॉक्टरनं स्वतःहून कळवलं तरच आपल्याकडे घटना नोंदली जाते. तालुक्याच्या गावात तीव्र डोकेदुखीनं गेलेल्या माणसाचा मेंदूचा स्कॅन कुठे होतो, त्याच्या प्लेटलेट्स कोण मोजतं? न मोजलेली घटना आकड्यात येत नाही. यात लपवाछपवीच असेल असं मी म्हणणार नाही, पण कमी नोंद म्हणजे कमी धोका असं डोळे मिटून मानायलाही मी तयार नाही.

## मग लस न घेतलेलीच बरी?

तराजूचं दुसरं पारडं रिकामं नसतं. गोवर-गालगुंड-रुबेला लसीनंतर ३० ते ४० हजारांत एका मुलाच्या प्लेटलेट्स तात्पुरत्या घसरतात. खुद्द रुबेला झाला तर हेच सुमारे ३ हजारांत एकाला होतं. प्लेटलेट्सचा तोच आजार, पण दसपट. कोविडनं स्वतः रक्तात गुठळ्या केल्या, पायांच्या बोटांवर जांभळे चट्टे आणले, मुलांना बरं झाल्यावर काही आठवड्यांनी कावासाकीसारखा दाह दिला. वर सांगितलेला पीएफ४ चा आजारही लस न घेता, नुसत्या ॲडिनोव्हायरसच्या साध्या संसर्गानंतर झाल्याचं २०२३ मध्ये नोंदलं गेलं.

## ठिपके दिसले तर आज काय करायचं?

मूल तापलेलं आहे आणि अंगावर दाबून न जाणारे ठिपके झपाट्यानं वाढताहेत, तर लस घेतली होती की नाही हा विचारसुद्धा न करता थेट रुग्णालय गाठा. मेंदूज्वराच्या जंतूंचा रक्तातला संसर्ग असाच सुरू होतो आणि तो तासांत जीव घेतो. लसीनंतरच्या महिन्यात न थांबणारी डोकेदुखी, धूसर दिसणं, धाप, छातीत किंवा पोटात दुखणं, एकच पाय सुजणं, टोचलेल्या जागेपासून दूर ठिपके किंवा काळेनिळे डाग, यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन प्लेटलेट्स मोजून घ्या.

एवढं तीव्र नसेल तर पहिलं काम मोबाइलवर फोटो काढायचं. शेजारी एक नाणं ठेवा, म्हणजे आकार कळतो. रोज एक फोटो. जिथे लस घेतली तिथल्या परिचारिकेला किंवा आशाताईंना कळवा. लसीनंतरच्या प्रतिकूल घटना तपासायला जिल्ह्यात समिती असते. तक्रार वर जायला हवी. औषध-लशींच्या दुष्परिणामांसाठी सरकारचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. कुणी "कशाला उगीच" म्हणालं तर शांतपणे सांगा, नोंद करणं हा माझा हक्क आहे.

## पुढचा डोस घ्यायचा का?

याचं एकच उत्तर नाही, आणि नेमकं इथेच नीट निदान उपयोगी पडतं. लसीनंतर तीव्र ॲलर्जी झाली असेल तर ती लस पुन्हा नाही. कोणत्या घटकानं झाली ते तज्ज्ञांकडून शोधून घ्यायचं. प्लेटलेट्स-गुठळीचा आजार झाला असेल तर ॲडिनोव्हायरसवर आधारलेली लस पुन्हा कधीच नाही, पण बाकीच्या लशींचा मार्ग बंद होत नाही. धनुर्वाताच्या इंजेक्शननंतर काही तासांत खांद्यापासून कोपरापर्यंत दंड सुजला असेल, तर अंगात आधीचीच भरपूर प्रतिपिंडं आहेत. फ्रान्सच्या मॉरिस आर्थस यांनी १९०३ मध्ये सशांत हा प्रकार पहिल्यांदा दाखवला होता. अशा माणसानं दर जखमेला इंजेक्शन मागू नये. दोन डोसांत दहा वर्षांचं अंतर ठेवावं. नुसतं पित्त उठून गेलं असेल तर बहुतेकांना पुढचा डोस देखरेखीखाली घेता येतो. आणि नडगीवरचा रक्तवाहिनीदाह असेल तर त्वचारोगतज्ज्ञ तुमचं वय, तो आजार टाळण्याची निकड आणि मूत्रपिंडाची स्थिती बघून ठरवतील.

त्यांना ठरवता यावं म्हणून आईच्या लसीकरण कार्डाच्या मागच्या बाजूला शाईच्या पेनानं एवढं लिहून ठेवा: लसीचं नाव, बॅच क्रमांक, तारीख, ठिपके कितव्या दिवशी उठले, कुठे उठले, पेल्यानं दाबून जात होते की नाही, हाताला उंच लागत होते की सपाट, लघवीच्या तपासणीत काय आलं, आणि किती दिवसांत गेले.